वळणावरची गुरगुर

अर्जुनी सोडली, रेल्वेचं फाटक मागे टाकलं, की डाव्या हाताला एक जुना मोह लागायचा आणि त्या मोहाखाली दुधराम कुंभरेचं गॅरेज. गॅरेज म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. चार खांबांवर टिनाचे पत्रे, गाडीखाली उभं राहता यावं म्हणून मातीत खणलेला खड्डा आणि हत्यारांची एक पेटी, एवढाच तो कारभार. चैत्राच्या सुमारास मोह फुलायचा, तेव्हा गॅरेज कुठे संपतं आणि झाड कुठे सुरू होतं तेही कळत नसे. दुरुस्तीला आलेल्या गाड्यांच्या टपावर, काचांवर, उघड्या बॉनेटात फुलं पडून राहत, आणि सकाळी गाडी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला चमेलीचं वेचून होईपर्यंत थांबावं लागे. चमेली म्हणजे दुधरामची बायको. ती कोणाच्या घाईला भीक घालत नसे. गिऱ्हाईक मग बुंध्याला पाठ टेकून बसे, त्या गोड जड वासात त्याचे डोळे मिटत, आणि आपल्याला कुठे जायची घाई होती तेच त्याला आठवेनासं होई.

दुधराम तर उभ्या उभ्या डोळे मिटायचा. ती त्याची काम करायची पद्धत होती. गाडी चालू ठेवायला सांगायची, लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरायची. मग डोळे बंद, तोंड जरासं उघडं. नव्या माणसाला वाटावं, मिस्त्रीला डुलकी लागली. बऱ्याच वेळानं तो दुरून चालत आल्यासारखा परत यायचा आणि सांगायचा, अमुक बेअरिंग गेलंय, तमुक व्हॉल्व्ह वाजतोय. उघडून पाहावं तर तेच निघे. अर्जुनीच्या बाजारात त्याची टिंगल चाले, की दुधराम मिस्त्री झोपेत गाड्या दुरुस्त करतो, जागा झाला तर बिघडवेल. टिंगल करणारेच गाड्या घेऊन येत, म्हणून तो मनावर घेत नसे.

अशा माणसाचे कान गेले.

एकदम नाही गेले. आधी मोहावरचे पोपट गेले. म्हणजे पोपट तिथंच होते, चोची उघडून कडाकडा भांडतही होते, पण आवाज तेवढा नव्हता. मग सायकलची घंटी गेली. मग हातातून पाना दगडावर पडला तरी तो मातीत पडल्यासारखा पडू लागला. बारीक आवाज आधी सोडून गेले आणि मोठे, जाडेभरडे आवाज काही दिवस रेंगाळले. एकदा तो दवाखान्यात जाऊन आला. डॉक्टर बराच वेळ समजावून सांगत होते, दुधराम मान डोलावत होता, आणि बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला यातलं काहीच कळलेलं नाही. परत आत जाऊन विचारायची त्याला लाज वाटली.

ही गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नाही. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार, ही एक भीती होती. पण खरी भीती वेगळी होती आणि ती त्याची त्यालाच ठाऊक होती. उद्या सगळंच गप्प झालं तर आपण कुठे असणार, हे त्याला कळत नव्हतं. त्याला घाबरायला होई. पेचकस हाडाला लावला की इंजिनाची धडधड अजून आत उतरत असे, म्हणून तो गरज नसतानाही पेचकस लावून उभा राहू लागला.

आणि चमेलीची हाक गेली. ती त्याला नावानं कधीच बोलवत नसे, त्यांच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. "आयकलं का?" एवढीच तिची हाक. मागच्या घरातल्या चुलीपासून गॅरेजपर्यंत ती आरामात पोचायची. पण मागच्या पोळ्यापासून त्याला दिसत होतं, की चमेली आता हाकच मारत नाही. तिचे ओठ हलत नाहीत. जेवायला बोलवायचं असलं तरी ती चुलीपासून उठून येते, खांद्याला हात लावते, मान हलवते आणि चालू लागते. बाई रुसलीय, असं त्यानं धरलं. कशावरून, ते विचारायचं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. ते विचारायचंच राहून गेलं.

केवळराम ती गाडी घेऊन आला तो दोन हजार चार सालच्या होळीनंतर. केवळराम गावतलावावरच्या मासेमार सोसायटीचा अध्यक्ष. नागपूरच्या कोणा बड्या माणसानं वापरून सोडलेली उंच, हिरवीगार, चारी चाकांना जोर असलेली गाडी त्यानं मोठ्या हौसेनं आणली होती. मखमली सीटा, थंड हवा, सगळं होतं. केवळरामनं पहिल्याच आठवड्यात तिच्यात मासोळीच्या टोपल्या भरल्या आणि तलावाच्या पाळीवरून थेट सौंदडच्या स्टेशनात नेल्या. तेव्हापासून त्या गाडीला जो वास लागला तो लागला. लग्नाच्या वरातीला म्हणून कोणी गाडी मागितली, तर केवळराम आधी त्याला आत बसवून दार लावून घ्यायचा. माणूस आपसूक नको म्हणायचा.

"दुधरामभाऊ, गाडी वळताना कन्हून राहिली गा," केवळराम ओरडून म्हणाला. तो तलावावर या काठावरून त्या काठाला हाका मारत जन्म काढलेला माणूस, त्यामुळे दुधरामला त्याचं बोलणं बरंचसं कळे. "कोनी म्हनते बेअरिंग, कोनी म्हनते क्रॉस, कोनी म्हनते पुरा क्राउनच बदल. तूच पाहा बाप्पा."

दुधराम गाडीत बसला. मोहाच्या पलीकडे मोकळी जागा होती, तिथं त्यानं गाडी हळू घेतली आणि स्टिअरिंग पुरतं वळवलं.

मागून आवाज उठला. गुर्रर्र. सीटखालून तो माकडहाडात शिरला, पाठीच्या कण्यातून चढत चढत थेट डोक्यात गेला आणि तिथं भरून राहिला. अख्खा आवाज. कुठे फाटलेला नाही, विरलेला नाही. कित्येक महिन्यांत दुधरामनं असं काही ऐकलं नव्हतं. त्यानं दुसऱ्या बाजूला वळवलं. पुन्हा गुर्रर्र. त्याला इतका आनंद झाला की तो एकटाच हसत सुटला. लांब उभ्या केवळरामला वाटलं, मिस्त्रीला रोग सापडला.

रोग सापडलाही होता म्हणा. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी, म्हणून मागच्या आसाच्या मधोमध डिफरेन्शियलचा गोळा असतो. तो दोन्ही चाकांना आपापल्या चालीनं फिरू देतो. साध्या गाडीत हा गोळा भलताच मोकळा असतो. एक चाक चिखलात फसलं की तेच जागच्या जागी गरागरा फिरतं आणि कोरड्यातलं दुसरं ढिम्म उभं राहतं. केवळरामच्या गाडीत तसं होऊ नये म्हणून गोळ्यात पोलादी चकत्या एकमेकींवर दाबून बसवल्या होत्या. चिखलात त्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं आणि वळणावर अलगद सोडायचं. हे धरणं-सोडणं ज्याच्या जिवावर चालतं ते तेल वेगळं, त्यात चकत्यांना गुळगुळीत सरकू देणारं एक जास्तीचं औषध लागतं. कोणीतरी तिच्यात साधं नव्वद नंबरचं ओतून दिलं होतं. त्यामुळे चकत्या सरकायच्या ऐवजी धर, सोड, धर, सोड करत होत्या. तीच ती गुरगुर.

एवढं त्याला ऐकताक्षणी उमगलं. पण ते औषध कोणतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं ते टोरीचं तेल. मोहाच्या बियांना तिकडे टोरी म्हणतात. दुधरामचा बाप जंगलखात्याच्या डेपोवर बैलगाडीनं बांबू वाहायचा, आणि गाडीची आस करकरू लागली की टोरीचं तेल पाजायचा. आस गप्प व्हायची. दुधराम लहानपणी त्या गाडीवर बांबूच्या भाऱ्यावर निजून यायचा. पुढे-मागे दहा-बारा गाड्यांची रांग, प्रत्येकीची आस वेगळ्या सुरात रडणारी, वर सागाची पानं आणि त्यांतून गळणारं ऊन. त्या रडण्यावर त्याला झोप लागायची.

चमेलीनं काढलेलं घरचं तेल होतंच. त्यानं तांब्याभर घेतलं, डिफरेन्शियलमध्ये ओतलं, गाडी चार वळणं फिरवून आणली. आणि काय सांगावं, गुरगुर थांबली. केवळराम तर दुधरामच्या पाया पडायचाच बाकी राहिला. संध्याकाळी त्यानं हातभर लांबीची मरळ आणून दिली. चमेलीनं रस्सा फक्कड केला होता, पण दुधरामला घास गोड लागेना. गाडी बरी झाल्याचं त्याला वाईट वाटत होतं. मिस्त्रीनं असं वाटून घेऊ नये, हेही त्याला कळत होतं. पण वाटत होतं, त्याला काय करणार.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, गाडी मुकाट वळत राहिली. मग पौषातली थंडी पडली.

टोरीचं तेल थंडीत गोठतं. जंगलपट्टीतल्या कोणालाही विचारा. चमेलीची बाटली त्या दिवसांत उन्हात ठेवल्याखेरीज ओतत नसे. दुधरामचा बाप हिवाळ्यात तेलाचं गाडगं निखाऱ्यावर धरून मगच आसेला लावायचा. दुधरामला हे सगळं ठाऊक होतं, आणि तरीही गाडीच्या पोटात ऊबच असणार असं समजून तो निर्धास्त राहिला. एका सकाळी तलावावर असं धुकं होतं की पाळ आणि पाणी एकच झालेलं. केवळराम टोपल्या भरून निघाला. तुडुमाजवळच्या, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या तोंडाजवळच्या, अवघड वळणावर त्यानं गाडी वळवली, तर मागची दोन्ही चाकं एकमेकांना सोडेचनात. गाडीनं टुणकन उडी मारली, शेपूट पाण्याकडे घसरलं, आणि पळसाच्या एका खोडानं धरून ठेवलं म्हणून केवळराम वर राहिला. एक टोपली उलटून तलावात गेली. जिच्यात जीव होता ती मासोळी आपल्या घरी गेली.

केवळराम रागावला असता तर बरं झालं असतं. गाडी ओढून गॅरेजात आणल्यावर तो दुधरामच्या खांद्यावर हात ठेवून हसू लागला. "तुया तेलानं मासोरीले जीवदान देला गा, दुधरामभाऊ." दुधरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं डिफरेन्शियल उघडलं, तर आतलं तेल लोण्यासारखं घट्ट आणि चिकट झालेलं. खरवडून काढलं, डिझेलनं धुतलं, तात्पुरतं साधं नव्वद नंबर भरलं आणि सांगितलं, "गोंदियाले जाऊन खरी दवाई आनतो."

गाडी सुरू केली, वळवली. गुर्रर्र.

खड्ड्याच्या काठावर चमेली उभी होती. दुधरामच्या तोंडावर काय उमटलं ते तिनं पाहिलं, आणि ती चुलीकडे गेली.

गोंदियाच्या बाजारात ईश्वरदासचं ऑइलचं दुकान होतं. ईश्वरदास धिप्पाड माणूस, ट्रकच्या गर्दीत ओरडून ओरडून त्याचा गळा जाड झालेला. त्याचं हिंदी दुधरामला ओठांवरूनही कळत असे. त्यानं काउंटरवर एकीकडे मोठा डबा ठेवला आणि दुसरीकडे एक लहानशी बाटली.

"देखो मिस्त्री, दो रास्ते हैं," ईश्वरदास म्हणाला. "ये डब्बा तैयार माल है, दवाई इसमें मिली हुई है. इसमें ऊपर से कुछ मत डालना, नहीं तो प्लेटें पकड़ेंगी ही नहीं, गाड़ी कीचड़ में बैठ जाएगी. और दूसरा रास्ता, सादा नब्बे नंबर और ऊपर से ये शीशी. थोड़ी डालो, आठ के आकार में गाड़ी घुमाओ, सुनो. आवाज आए तो थोड़ी और डालो."

दुधरामनं बाटली घेतली. स्वतःशी त्यानं कारण तयार केलं, की गाडी जुनी आहे, चकत्या झिजलेल्या आहेत, त्यांना किती औषध लागेल ते डबा बनवणाऱ्याला काय ठाऊक, आपण मापानं देऊ. कारण काही खोटं नव्हतं. पण डबा घेतला असता तर तो गेल्या गेल्या भरावा लागला असता. बाटली काय, कोनाड्यातही राहते.

ती घरातल्या कोनाड्यातच राहिली. केवळराम विचारायला आला की दुधराम म्हणायचा, माल नागपूरवरून येऊन राहिला. केवळराम भला माणूस, त्याला ते पटायचं. आणि संध्याकाळ कलली, सौंदडची खेप झाली, की दुधराम 'चाचणी'साठी म्हणून गाडी मागून घ्यायचा आणि तलावात उतरायचा.

माघात तलाव मागे हटतो. काठाचं पोट उघडं पडतं, सपाट, भेगाळलेलं, पायाखाली कुरकुरणारं. पलीकडे पाणी, त्याच्यावर उतरतं ऊन, त्याच्याही पलीकडे त्या भागातल्या प्रतापगडची टेकडी निळसर पडत जाणारी. दुधराम तिथं गाडी पहिल्या गिअरात टाकायचा, स्टिअरिंग पुरतं वळवायचा आणि डोकं सीटला टेकवून डोळे मिटायचा. गाडी आपली आपण गोल गोल फिरे. गुर्रर्र, गुर्रर्र. हळूहळू ती गाडी राहत नसे. बापाच्या बैलगाड्यांची रांग सागाच्या रस्त्यानं चाललेली असे. पुढची आस रडे, मागची तिला साथ देई, बांबूचे भारे डुलत, बाप कासऱ्याला झोका देत काहीतरी पुटपुटे. दुधराम भाऱ्यावर पडलेला असे, पानांतून ऊन तोंडावर येई आणि जाई. डोळे उघडले की समोर पाणी असे, आणि पाण्याच्या कडेला कधी कधी सारसांची एक जोडी. त्यांनी माना उंच करून चोची उघडलेल्या असत. त्यांचं ओरडणं अर्ध्या तालुक्याला ऐकू जातं म्हणतात. दुधरामला फक्त दोन उघड्या चोची दिसत. तो पुन्हा डोळे मिटून घेई.

असे कितीतरी दिवस गेले. गावात म्हणू लागले, मिस्त्रीला केवळरामच्या गाडीचं वेड लागलंय. चमेली पाळीवर येऊन उभी राहायची, बघायची, आणि जेवायची वेळ झाली की खाली उतरून गाडीच्या वाटेत उभी राहायची.

मोह पुन्हा फुलला. एका दुपारी दुधरामनं गाडीखाली शिरून डिफरेन्शियलमधलं तेल बघावं म्हणून खालचा नट उघडला. त्या नटाला आतून लोहचुंबक असतं, तेलात सांडलेलं लोखंड धरून ठेवायला. नट बाहेर आला तो करड्या लवेनं भरलेला. त्यानं ती लव तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळली. उन्हात ती चमकली. चकत्यांची पूड होती ती. तो ऐकत बसला होता ते हे. गुर्रर्र म्हणजे पोलाद पोलादाला खात होतं, आणि ते खाणं ऐकण्यासाठी तो रोज संध्याकाळी गाडी गोल फिरवत होता.

ज्या माणसानं बुडता बुडता वाचल्यावरही हसून खांद्यावर हात ठेवला, त्याची गाडी. दुधराम खड्ड्यात उभा होता आणि त्याच्या हातावर ती चमचमती पूड होती. त्याला स्वतःची किळस आली. त्यानं नट पुसला, घट्ट बसवला, सांडलं तेवढं तेल पुन्हा भरलं, वर आला आणि कोनाड्यातली बाटली खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चमेली फुलांची टोपली घेऊन निघाली होती. दुधरामनं गाडीचं दार उघडून धरलं.

"बस वो," तो म्हणाला.

ती टोपलीसकट बसली. तलावाच्या कोरड्या पोटात त्यानं गाडी उभी केली, खाली शिरून जरासं तेल काढलं आणि त्याच्या जागी बाटलीतलं औषध ओतलं, अर्ध्याहून कमी. औषधाला नासलेल्या मासोळीचा वास होता. केवळरामच्या गाडीत तो कोणाला कळणार होता! मग तो परत येऊन बसला आणि चमेलीकडे न बघता म्हणाला, "आता गाडी आठ काढन. गुरगुरली का तू हात वर कर. मले चाकाकडे ध्यान द्या लागते."

चमेलीनं मान हलवली.

आठच काढावा लागतो. नुसतं गोल फिरून एकाच बाजूच्या चकत्यांना औषध पोचतं. आठात गाडी उजवीकडे वळते, मधल्या गाठीतून जाते, डावीकडे वळते, पुन्हा गाठीत येते. दुधरामनं पहिला आठ काढला. गुरगुर होती, आणि चमेलीचा हात वर होता. दुसऱ्यालाही तसंच. मग आवाज पातळ होऊ लागला. त्यानं पाठ सीटला घट्ट दाबून धरली, पाय जमिनीला रोवले, जिथून जिथून तो आत येत होता ती सगळी दारं उघडी ठेवली. एका वळणावर तो होता. पुढच्या वळणावर त्याला वाटला. त्याच्या पुढच्यावर काहीच नव्हतं.

त्यानं चमेलीकडे पाहिलं. हात वर होता.

गाडी अजून बोलत होती आणि त्याला ऐकू येत नव्हती. आजवर कितीही गेलं तरी गाडीचा आवाज आपल्याआधी कोणाला कळला असं झालं नव्हतं. त्यानं ब्रेक मारला, खाली उतरला, आणखी थोडं औषध घातलं. किती घालायचं ते चमेलीचा हात सांगत होता, त्याचा कान नव्हे. पुन्हा आठ. चमेलीचा हात खांद्याइतकाच उठला. पुन्हा आठ. नुसती बोटं उठली. मग तो हात मांडीवरच्या टोपलीत, फुलांवर पडून राहिला, आणि उठलाच नाही.

बाटलीत अजून थोडं उरलं होतं. ते त्यानं घातलं नाही. एक चाक मुद्दाम पाण्याकाठच्या राडीत नेऊन उभं केलं आणि गाडी पुढे घेतली. चाक जरासं चुळबुळलं, आतल्या चकत्यांनी दुसऱ्याला धरलं, आणि गाडी चिखलातून सरळ वर आली. काम चोख झालं होतं. इतकं चोख काम त्यानं त्या वर्षात दुसरं केलं नव्हतं. त्यानं गाडी बंद केली.

आता काहीच नव्हतं. पाण्याकाठी सारसांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. काचेवर एक मोहफूल कुठूनसं चिकटून आलं होतं. दुधराम स्टिअरिंगला धरून बसला आणि त्याचे डोळे भरून आले.

"मले आयकू येत नाही," तो म्हणाला. आपण मोठ्यानं बोललो की हळू, हेही त्याला कळलं नाही. "लय दिवसांपासून. गाडी तेवढी आयकू ये. आता तेही गेली."

चमेलीनं टोपली पायाशी ठेवली. सीटवरून सरकून ती त्याच्याजवळ आली. एका हातानं तिनं त्याचं डोकं धरलं आणि आपली हनुवटी त्याच्या कानामागच्या हाडावर टेकवली. तिथं, जिथं पेचकसाची मूठ टेकायची. इतकी वर्षं खांबाआडून तिनं ते पाहिलं होतं. दाबून, खालच्या जाड आवाजात ती बोलली.

"आयकलं का?"

ते हाडातून आत आलं. अख्खं. फाटलेलं नाही, विरलेलं नाही.

दुधराम हलला नाही. हललं तर निसटेल अशी त्याला भीती वाटली.

"मी हाक मारू, अना तुमी वळून पाहात नोहते," चमेली तशीच, हनुवटी न उचलता बोलत राहिली. "गॅरेजात चार लोक बसून राहत. त्याईले कळलं असतं. म्हनून मीच हाक बंद केली."

तो रडत होता, आणि ती बोलत होती. चुलीवरचं काही, फुलांचं काही, पाळीवर उभं राहून पाय दुखतात ते. दीड वर्षाचं साठलेलं होतं. तिच्या हनुवटीच्या प्रत्येक हालचालीसरशी त्याच्या डोक्यात शब्द उमटत होते. मध्येच ती थांबली आणि तिनं बोटानं समोर दाखवलं. पाळीवर केवळराम टोपल्या घेऊन उभा होता, दोन्ही हात हलवून गाडी मागत होता. सौंदडच्या गाडीची वेळ झाली असावी.

दुधरामनं डोळे पुसले, गाडी सुरू केली आणि पहिल्या गिअरात घातली. चमेलीची हनुवटी होती तिथंच होती. त्यानं केवळरामला हात केला, स्टिअरिंग पुरतं वळवलं आणि कोरड्या तलावात आणखी एक आठ काढला.